महाकाय ससा पाळायचा? आधी हिशेब मांडा!

ससा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? पांढरेशुभ्र अंग, लाल डोळे, लांब कान आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढासा देह. पाठीवर पान पडले तरी आभाळ कोसळले म्हणून पळत सुटणारा गोष्टीतला ससाही असाच चिमुकला असतो. पण सगळेच ससे काही ओंजळीत मावणारे नसतात. इंग्लंडमधील ‘डॅरियस’ नावाच्या सशाची लांबी २०१० साली मोजली, तेव्हा ती १२९ सेंटिमीटर भरली. तुमच्या वर्गातल्या बाकावर त्याला आडवे ठेवले, तर दोन मुलांची जागा एकट्यानेच अडवली असती!

अशा सशांना ‘महाकाय’ किंवा ‘जायंट’ जातीचे ससे म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ‘फ्लेमिश जायंट’. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात ती तयार झाली. या जातीच्या मोठ्या सशाचे वजन सहा किलोच्या पुढे असते. आठ किलोचे ससेही आढळतात. दुकानात मात्र दोन महिन्यांचे, कापसाच्या गोळ्यासारखे पिल्लू ठेवलेले असते. ते पाहून कोणाचेही मन पाघळते. पण वर्षभरात हे पिल्लू केवढे होणार, काय खाणार, राहणार कोठे, याचा विचार त्या वेळी फारच थोडे लोक करतात. तो विचार आज आपण करू, आणि नुसता विचार नव्हे, तर पेन्सिल घेऊन चक्क हिशेब करू.

आपला रानससा वेगळा

प्रथम एक घोटाळा दूर करायला हवा. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन वेगवेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. महाबळेश्वरच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या रानात दिसतो तो रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात राहणारा. त्याची पिल्ले जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. जगातले सगळे पाळीव ससे, एक किलोच्या बुटक्यापासून आठ किलोच्या महाकाय सशापर्यंत, या एकाच जातीपासून माणसाने निवडून निवडून तयार केले आहेत.

रानससा पकडणे वा पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. शिवाय तो पिंजऱ्यात जगतही नाही. तेव्हा पुढे जो हिशेब करायचा, तो पाळीव सशाचा.

दुप्पट लांबी, आठपट वजन

महाकाय सशाच्या साऱ्या अडचणींचे मूळ भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. आता बाजू दुप्पट करा. घनफळ होईल ८, पण पृष्ठफळ होईल २४, म्हणजे फक्त चौपट. सशालाही हाच नियम लागू पडतो. एक किलोच्या बुटक्या सशाची लांबी, रुंदी व उंची, तिन्ही दुप्पट झाली, तर त्याचे वजन होईल आठ किलो. पण त्याच्या तळपायांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढेल. आठपट वजन चौपट तळव्यांवर! म्हणजे तळव्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा दाब दुप्पट झाला.

कुत्र्यामांजरांच्या पायांना गादीसारखे तळवे असतात, तसे सशाला नसतात. असतात ते नुसते दाट केस. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या, खडबडीत लादीवर महाकाय ससा दिवसरात्र बसला, तर ते केस झिजतात, कातडी सोलवटते आणि टाचेला जखमा होतात. एकदा झालेल्या या जखमा लवकर बऱ्या होत नाहीत. बाजारात मिळणारे जाळीच्या तळाचे पिंजरे महाकाय सशाला का चालत नाहीत, याचे उत्तर असे गणितात सापडते.

आता उष्णतेचे पाहू. मोठा प्राणी लहान प्राण्यापेक्षा जास्त खातो, पण वजनाच्या प्रमाणात नव्हे. माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली निरनिराळ्या प्राण्यांच्या चयापचयाचा अभ्यास करून त्यासाठी एक सोपा नियम सुचवला. वजन जितके पट असेल त्या संख्येचा घन करा आणि त्याचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा. आपला ससा आठपट वजनाचा आहे. ८ चा घन ५१२. त्याचे वर्गमूळ सुमारे २२.६. त्याचे पुन्हा वर्गमूळ सुमारे ४.७६. म्हणजे मोठ्या सशाला आठपट नव्हे, तर ढोबळमानाने पावणेपाचपट अन्न लागेल, आणि शरीरात उष्णताही तितकीच तयार होईल. पण ही उष्णता बाहेर टाकणारी कातडी किती वाढली? फक्त चौपट. म्हणजे कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त उष्णता बाहेर टाकावी लागणार.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचे लांब कान हेच त्याचे उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन. साधारणपणे १० ते २० अंश सेल्सियस तापमानात तो सुखात असतो. पारा तिशीच्या वर चढला की त्याला त्रास होऊ लागतो. महाकाय सशाला तर अधिकच.

महाबळेश्वर उत्तम, पण...

हे वाचून तुम्ही म्हणाल, ‘‘मग महाबळेश्वरसारखे थंड हवेचे ठिकाण या सशांना अगदी योग्य!’’ विचार बरोबर आहे. तमिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथे केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तेथे डोंगरावरच्या थंड हवेत ‘व्हाइट जायंट’ आणि ‘सोव्हिएत चिंचिला’ या जातींचे ससे सांभाळले जातात. हे ससे साधारण चार-पाच किलोंचे, म्हणजे फ्लेमिश जायंटपेक्षा लहानच. याच संस्थेच्या हिमाचल प्रदेशातील गारसा येथील केंद्रात लोकरीसाठी अंगोरा ससे ठेवतात.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचीवर आहे. ऐन एप्रिल-मे महिन्यांतही तेथे दुपारचे तापमान तिशीच्या घरात राहते. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण आणि खटाव हे तालुके आहेत. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. माणमध्ये महाकाय ससा ठेवायचा, तर उन्हाळाभर त्याला गारवा कसा द्यायचा हाच मोठा प्रश्न.

पण महाबळेश्वरला दुसरा शत्रू आहे, आणि तो म्हणजे पाऊस. माण-खटावमध्ये वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत! दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. ढग घरात शिरतात, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. म्हणून तर पावसाळ्यापूर्वी तेथील घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायची पद्धत आहे. जेथे माणसांच्या घरालाही असा रेनकोट लागतो, तेथे सशाच्या घराचे काय?

ओल ही सशाची वैरीण आहे. ओल्या बिछान्यावर टाचा सडतात. केस ओले व घाण राहिले, तर त्यांत माश्या अंडी घालतात आणि दोन दिवसांत अळ्या होतात. मुत्रातून निघणारा अमोनिया वायू बंद, दमट खोलीत साठतो. सशाचे नाक तर जमिनीलगत! त्यामुळे त्याला श्वसनाचे विकार जडतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचे मुख्य अन्न, सुके गवत, ओलीने बुरसते.

गाजर नव्हे, गवत

चित्रांत ससा नेहमी गाजर खाताना दाखवतात. प्रत्यक्षात सशाचे खरे अन्न गवत. त्याच्या पोटात अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. तीत कोट्यवधी जीवाणू गवताचे तंतू कुजवून त्यांचे अन्न बनवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो व पहिल्या खेपेला न मिळालेले पोषण मिळवतो. शिवाय त्याचे दात जन्मभर वाढत असतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर! गवत चघळूनच ते झिजतात. गवत कमी पडले तर दात वाढून तोंडात जखमा होतात आणि आतड्यांची हालचाल मंदावते. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे लागते.

महाबळेश्वरला गाजरे आणि स्ट्रॉबेरी यांची लयलूट असते. पण दोन्हींत साखर भरपूर. एखादी लहानशी फोड कधीतरी चालेल, रोज नाही. गाजराचा पाला मात्र चांगला. तो औषधे न फवारलेल्या शेतातला हवा आणि धुऊन, निथळून द्यायला हवा. घाणेरी, कण्हेर, बटाट्याचा पाला आणि डोंगरावर माजणारे नेचे हे सशापुढे कधीही टाकू नका. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला ती रोज दिली तर तिच्यातला चुना जास्त होऊन मूत्राशयात खडा होण्याचा धोका असतो.

आता पेन्सिल घ्या

एक किलोच्या सशाला रोज साधारण ५० ग्रॅम कोरडे अन्न लागते असे धरू. मग आठ किलोच्या सशाला ५० × ४.७६, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम. यात सुके गवत, थोडे गोळीखाद्य आणि हिरव्या पाल्यातला पाण्याव्यतिरिक्तचा भाग, असे सगळे आले. गवतापैकी बरेचसे तो तुडवून वाया घालवतो. आणि गवत त्याच्यापुढे सतत असायलाच हवे. म्हणून रोज असे लागेल:

सुके गवत २५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ९१ किलो.
गोळीखाद्य ५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे १८ किलो.
हिरवा पाला ३०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ११० किलो.
बिछान्यासाठी भाताचा पेंढा आठवड्याला ३ किलो, म्हणजे वर्षाला १५६ किलो.

पाहिलेत ना? ससा जेवढे गवत खातो, त्याहून जास्त पेंढा त्याच्या अंगाखाली घालावा लागतो! आणि पावसाळ्यात तो वारंवार बदलावा लागतो तो वेगळाच.

आता किंमत. भाव गावोगाव आणि दरवर्षी बदलतात, म्हणून उदाहरणापुरते काही भाव मानू. गवत किलोला २५ रुपये, गोळीखाद्य ५० रुपये, पाला ४० रुपये आणि पेंढा १० रुपये. मग वर्षाचा खर्च असा येईल: गवत २२७५, गोळीखाद्य ९००, पाला ४४००, पेंढा १५६०. एकूण ९१३५ रुपये. म्हणजे महिन्याला साडेसातशेच्या वर. महाकाय ससा साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. सहा वर्षे धरली तर ५४,८१० रुपये झाले. यात घर बांधणी नाही, डॉक्टर नाही आणि सशाची स्वतःची किंमतही नाही. तुमच्या गावातले खरे भाव विचारून हाच हिशेब पुन्हा करा. घरच्या परसात हरळी व भाजीपाला होत असेल, तर सर्वांत मोठा आकडा किती खाली येतो तेही पाहा.

खाण्याचा हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. २००६-०७ च्या सुमारास जर्मनीतील एका ससेपालकाचे १२ महाकाय ससे उत्तर कोरियाने घेतले, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. अन्नटंचाईच्या देशात मोठ्या सशांची पैदास करून मांस मिळवावे, अशी ती कल्पना होती. पण तेव्हाच जाणकारांनी विचारले होते, की या सशांना खायला कोठून आणणार? मोठा प्राणी म्हणजे आयते अन्न नव्हे. आधी त्यालाच भरवावे लागते.

पावसाळ्याची बेगमी

जूनपासून सप्टेंबरअखेर १२२ दिवस होतात. रोज पाव किलोप्रमाणे ३०.५ किलो गवत लागेल. पाऊस लांबला, काही गवत बुरसले, तर हाताशी असावे म्हणून ४० किलो धरा. सैल गवत फार जागा खाते. ४० किलो गवताला अर्ध्या घनमीटरहून अधिक कोरडी जागा लागते. ते मे महिन्यातच भरून, जमिनीपासून उंच फळीवर, भिंतीला न टेकवता रचावे लागते. खाली वाईकडून किंवा पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांतून ते आणायचे, तर वाहतुकीचा खर्च आलाच.

गवत कोरडे आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. मीठ तव्यावर भाजून कोरडे करा व थंड होऊ द्या. काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे तुकडे आणि चमचाभर मीठ घालून झाकण लावा. काही मिनिटे चांगले हलवा. मीठ मोकळे राहिले तर गवत कोरडे. मिठाचे गठ्ठे झाले किंवा ते काचेला चिकटले तर गवतात ओल आहे. अशा गवताला बुरशी येणार. कुबट वास येणारे किंवा पांढरी-काळी बुरशी दिसणारे गवत झटकून, वाळवूनसुद्धा देऊ नये. बुरशीचे विष त्यात राहतेच.

घर कसे असावे?

इंग्लंडमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था सांगते, की साध्या सशांच्या जोडीलाही किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच अशी सलग जागा हवी. महाकाय सशाला याहून मोठीच लागेल. त्याला तीन उड्या मारता याव्यात, अंग ताणून झोपता यावे आणि मागच्या पायांवर उभे राहता यावे. हा ससा उभा राहिला तर ९० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो! दोन फूट लांबीच्या बाजारी पिंजऱ्यात तो नीट आडवाही होऊ शकत नाही. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो.

महाबळेश्वरला असे घर बांधताना पुढील गोष्टी पाहाव्या लागतील. जोते जांभ्या दगडाचे व जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावे, म्हणजे वाहते पाणी आत येणार नाही. तळ भरीव असावा, किंचित उतरता असावा, आणि त्यावर पेंढ्याचा जाड थर असावा. छपराच्या वळचणी चांगल्या पुढे काढाव्यात. पाऊस पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून त्या बाजूला झड बांधावी, पण पूर्वेची वरची बाजू जाळी लावून हवेसाठी उघडी ठेवावी. सगळे बंद केले तर अमोनिया कोंडतो, सगळे उघडे ठेवले तर पाऊस शिरतो. कोंबड्यांच्या पातळ जाळीवर विसंबू नये. मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री आणि बिबट्याही या भागात आहेत. जाळी जाड तारेची, बारीक छिद्रांची असावी. शक्य असेल तर पावसाळ्यात सशाला घरातलीच एक कोरडी खोली द्यावी, हे सर्वांत उत्तम.

आणखी एक गोष्ट. ससा एकटा राहणारा प्राणी नव्हे. त्याला जोडीदार हवा असतो. पण नर-मादी एकत्र ठेवली, तर तीस-एकतीस दिवसांत पिल्ले होतात, आणि महाकाय जातीत ती एकावेळी आठ-दहासुद्धा असतात. तेव्हा शस्त्रक्रिया करून घेणे आले. जोडी म्हटली की वरच्या हिशेबातला खाण्याचा आकडाही दुप्पट करा.

डॉक्टर जवळ आहे का?

आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री येतात. सशावर उपचार करण्याचा सराव असलेला डॉक्टर कोठे आहे, हे ससा आणण्याआधी विचारून ठेवावे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर तेथवर कसे जायचे, याचाही विचार हवा. माणसाची किंवा कुत्र्याची औषधे सशाला मनाने देऊ नयेत. पेनिसिलिनच्या वर्गातील औषधे तोंडावाटे दिली, तर पोटातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि त्यात ससाही दगावू शकतो.

सोडून देणे हा उपाय नव्हे

खर्च झेपेना, जागा पुरेना, की काही लोक ससा रानात ‘मोकळा’ सोडतात. ही दया नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खाल्लेल्या पांढऱ्या, जड सशाला ना लपता येते, ना पळता येते. पहिल्याच पावसात किंवा पहिल्याच रात्री तो मरतो. आणि समजा, परके ससे जगले तर? १८५९ साली ऑस्ट्रेलियात शिकारीसाठी दोन डझनांच्या आसपास ससे सोडले गेले. त्यांची संतती पुढे कोट्यवधींवर गेली आणि तिने कुरणेच्या कुरणे फस्त केली.

करून पाहा

घराच्या अंगणात किंवा शाळेच्या व्हरांड्यात खडूने ३ मीटर × २ मीटरचा चौकोन आखा. ही झाली लहान सशांच्या जोडीची किमान जागा. एवढी कोरडी जागा तुमच्या घरी बाराही महिने मिळेल का? मग वहीत चार ओळींचा तो हिशेब तुमच्या गावच्या भावाने मांडा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. पुढची सहा-सात वर्षे रोज सकाळी पेंढा कोण बदलणार, त्याचे नावही त्याखाली लिहा. तुम्ही आज सातवीत असाल, तर तो ससा म्हातारा होईल तेव्हा तुम्ही महाविद्यालयात गेलेले असाल!

उत्तर ‘होय’ आले तर घर आधी बांधा, गवत आधी भरा आणि ससा मागाहून आणा. उत्तर ‘नाही’ आले तरी वाईट वाटून घेऊ नका. पावसाळा संपला की सकाळी लवकर, मोठ्या माणसांबरोबर पठारावर फिरायला जा. दवाने भिजलेल्या गवतात गोल, कोरड्या लेंड्या दिसतील, आणि नशीब असेल तर गवतातून टुणकन उडी मारून पळणारा आपला रानससाही दिसेल. त्याला घर लागत नाही, गवत विकत आणावे लागत नाही. त्याचे रान तेवढे शाबूत ठेवले की पुरे.